जुन्या मोटारीचे सुटे भाग : पारख आणि निवड

हावड्याहून नागपूरमार्गे मुंबईकडे जाणाऱ्या लोहमार्गावर दुर्ग सोडले की लवकरच रसमडा हे छोटे स्थानक लागते. भिलाईच्या पोलाद कारखान्याचा हा शेजार. सोव्हिएत संघाबरोबर १९५५ साली झालेल्या करारातून हा कारखाना उभा राहिला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन झाले. पुढे या परिसरात लोखंडाला आकार देणारे अनेक लहानमोठे कारखाने आले. नोकरीधंद्याच्या निमित्ताने बाहेरून आलेल्या कुटुंबांत विदर्भातील मराठी कुटुंबेही होती.

समजा, अशा एखाद्या कुटुंबाच्या दारात १९८० सालची एक प्रीमियर पद्मिनी मोटार उभी आहे. वडिलांनी घेतलेली आणि मुलाने जपलेली ही गाडी अजून चालते. परंतु काही दिवसांपासून ब्रेकच्या पेडलवर पाय दाबून धरला, की पेडल हळूहळू खाली सरकत जाते. मिस्त्री सांगतो की मास्टर सिलिंडरमधील रबरे निकामी झाली आहेत. ही रबरे म्हणजे बोटाच्या पेराएवढ्या वाट्या. पण गाडी थांबण्याची सारी भिस्त त्यांच्यावर असते. त्या काळच्या पुष्कळ मोटारींत चारही चाकांच्या ब्रेकना एकाच नळीमार्गाने दाब पोहोचत असे. तो दाब गेला, तर उरतो तो केवळ हातब्रेक.

शोधाशोध केल्यावर घरात तीन पाकिटे येतात. पहिले नागपूरच्या दुकानातील, नव्याने बनविलेल्या मालाचे. दुसरे मुंबईच्या जुन्या साठ्यातील. त्यावर मोटार बनविणाऱ्या कंपनीचे नाव आहे आणि ते तीस वर्षांत कोणी उघडलेले नाही. तिसरे नुसत्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेले आणि सर्वांत स्वस्त. तिन्ही पाकिटांतील रबरे दिसायला सारखी आहेत आणि तिन्ही सिलिंडरमध्ये बसतात. यांपैकी कोणते वापरावे?

जुनी मोटार बाळगणाऱ्या प्रत्येकापुढे हा प्रश्न केव्हा ना केव्हा उभा राहतो. भाग बसला म्हणजे तो योग्य ठरला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः बसणे ही योग्यतेची केवळ पहिली पायरी होय. भाग योग्य ठरण्यासाठी तीन गोष्टी जुळाव्या लागतात : तो नेमक्या त्याच गाडीसाठी असला पाहिजे, त्याचे माप बरोबर असले पाहिजे आणि तो ज्या पदार्थाचा बनला आहे तो पदार्थ त्या कामास लायक असला पाहिजे. या तिन्हींचा क्रमाने विचार करणे सोयीचे होईल.

एका मोटारीचा वंश

प्रथम गाडीची ओळख. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली. मुंबईत कुर्ला येथील तिच्या कारखान्यातून प्रारंभी अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीच्या मोटारी बाहेर पडल्या. पुढे इटलीतील फियाट कंपनीशी करार झाला आणि फियाट ११०० ही गाडी भारतात आली. १९५० च्या दशकातील तिच्या गोलसर रूपामुळे लोकांनी तिला 'डुक्कर फियाट' असे नाव दिले, आणि जुन्या गाड्यांच्या जगात ते अजून प्रचलित आहे. १९६४ पासून तिचे नवे रूप, 'फियाट ११०० डिलाइट', कुर्ल्यात तयार होऊ लागले. याच गाडीला मध्यंतरी 'प्रीमियर प्रेसिडेंट' आणि १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी' असे नाव मिळाले. तिचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले.

या इतिहासात सुट्या भागांच्या दृष्टीने महत्त्वाची एक घटना आहे. १९४९ साली भारत सरकारने पूर्ण तयार मोटारींच्या आयातीवर बंदी घातली. १९५३ साली टॅरिफ आयोगाच्या शिफारशीनंतर असे धोरण ठरले, की ज्या कंपन्या टप्प्याटप्प्याने मोटारीचे भाग देशातच बनवतील त्यांनीच येथे व्यवसाय करावा. परदेशातून आलेले भाग केवळ जोडून मोटारी विकणाऱ्या जनरल मोटर्स आणि फोर्ड या कंपन्यांनी त्यानंतर येथील जोडणी बंद केली. जे कारखाने टिकले त्यांना पिस्टन, बेअरिंग, दिवे, स्पार्क प्लग, रबरी नळ्या असे शेकडो भाग देशातच मिळवणे भाग पडले. त्यातून पूरक उद्योग वाढला. मद्रासमध्ये १९४९ साली इंडिया पिस्टन्स सुरू झाली, बंगळूरमध्ये १९५१ साली मायको आली, तर १९६१ साली मद्रासमध्ये लुकास-टीव्हीएस स्थापन झाली.

याचा अर्थ असा, की मोटारीवर ज्या कंपनीचे नाव असे, तिनेच त्या मोटारीतील प्रत्येक भाग बनविलेला नसे. बरेचसे भाग ती इतरांकडून घेई. तोच पुरवठादार तोच भाग स्वतःच्या नावाच्या खोक्यातून बाजारातही विकू शके. म्हणूनच मोटार कंपनीच्या खोक्यात नसलेला प्रत्येक भाग कमअस्सल असतो, हे म्हणणे खरे नाही. मोटार कंपनीचे उत्पादन थांबल्यावरही असे पुरवठादार, किंवा त्यांच्याच तोडीचे स्वतंत्र उत्पादक, तो भाग वर्षानुवर्षे बनवीत राहू शकतात. जुन्या गाड्या रस्त्यावर टिकतात त्या प्रामुख्याने यांच्याच आधारावर.

नाव एक, भाग निराळे

दुकानदाराला 'फियाटचा पिस्टन द्या' असे सांगणे म्हणजे टपालपेटीत पत्ता अर्धाच लिहून पत्र टाकण्यासारखे आहे. याचे उत्तम उदाहरण या गाडीच्याच कुळात सापडते.

इटलीमध्ये १९६२ साली फियाटची ११००-डी ही मोटार बाजारात आली. भारतातील डिलाइट हे तिचेच भावंड. बाहेरून दोघींचा तोंडवळा एक. परंतु इटालियन ११००-डीच्या इंजिनाची घनता १,२२१ घनसेंटिमीटर होती, तर कुर्ल्यात बनलेल्या गाडीची १,०८९. दोन्हींत पिस्टनची धाव ७५ मिलिमीटरच आहे. फरक आहे तो सिलिंडरच्या व्यासात. एकीचा व्यास ७२ मिलिमीटर, दुसरीचा ६८. जुन्या गाड्यांच्या हौसेपायी कोणी इटलीहून ११००-डीचे पिस्टन मागविले, तर ते पद्मिनीच्या सिलिंडरमध्ये जाणारच नाहीत. इटलीत १९६६ साली तिच्या जागी आलेल्या ११००-आरचे इंजिन पुन्हा १,०८९ घनसेंटिमीटरचे होते. परंतु या गाडीच्या पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक होते आणि पद्मिनीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक. म्हणजे इंजिनाचा काही भाग एका बहिणीचा चालेल, पण ब्रेकचा त्याच बहिणीचा चालणार नाही.

एकाच देशात, एकाच नावाने बनलेल्या गाड्यांतही वर्षांगणिक बदल होत जातात. विजेची निर्मिती करणारा जुना डायनॅमो जाऊन अल्टरनेटर येतो, सुकाणूच्या दांड्यावरील गिअरची मूठ खाली मजल्यावर येते, कार्ब्युरेटर बदलतो. शिवाय जुनी गाडी म्हणजे अनेक हातांतून गेलेली गाडी. चाळीस वर्षांत कोणी तिला दुसऱ्याच वर्षाचे इंजिन बसविले असेल, कोणी दुसऱ्या गाडीचा गिअरबॉक्स. त्यामुळे केवळ नोंदणीपुस्तकातील वर्षावर विसंबून चालत नाही. गाडीच्या चौकटीवरील चॅसिस क्रमांक आणि इंजिनाच्या ठोकळ्यावर कोरलेला इंजिन क्रमांक हे दोन्ही स्वतंत्रपणे उतरवून घ्यावेत. इंजिनाच्या भागांसाठी इंजिन क्रमांक आणि इतरांसाठी चॅसिस क्रमांक, असा नियम पाळल्यास पुष्कळ घोटाळे टळतात.

यापुढचा आधार म्हणजे सुट्या भागांची यादीपुस्तिका. मोटार कंपन्या आपल्या प्रत्येक गाडीसाठी अशी पुस्तिका काढीत. तीत गाडीचे प्रत्येक अंग उलगडून काढलेल्या चित्रांत दाखविलेले असते आणि प्रत्येक लहानशा वायसरलाही क्रमांक असतो. भाग केव्हा बदलला आणि कोणत्या चॅसिस क्रमांकापासून नवा भाग लागू झाला, याचीही नोंद अशा पुस्तिकांत असते. जुन्या गाडीच्या मालकाने दागिन्यापेक्षा जपावी अशी ही वस्तू आहे. रद्दीच्या दुकानांत आणि जुन्या गाड्यांच्या हौशी मंडळींकडे तिच्या प्रती अजून मिळतात.

मापाची भाषा

क्रमांक सापडला नाही, तर माप बोलते. यासाठी व्हर्नियर, आणि शक्य असल्यास मायक्रोमीटर, ही दोन साधने हाताशी हवीत. जुना भाग फेकून देऊ नये; नवा भाग बसून गाडी काही दिवस नीट चालेपर्यंत तो जपून ठेवावा. नमुन्यासारखा दुसरा साक्षीदार नाही. मात्र नमुना झिजलेला असतो हे विसरता कामा नये. माप घ्यावयाचे ते न झिजलेल्या जागी.

काही भागांवर मापच कोरलेले असते. बॉल बेअरिंग हे त्याचे सर्वांत सुंदर उदाहरण होय. बेअरिंगची मापे आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार ठरलेली आहेत. ६२०४ हा क्रमांक घ्या. शेवटच्या दोन अंकांना पाचाने गुणले की आतील भोकाचा व्यास मिळतो : चार गुणिले पाच, म्हणजे २० मिलिमीटर. या बेअरिंगचा बाहेरील व्यास ४७ आणि रुंदी १४ मिलिमीटर असते, मग ते पुण्याजवळ चिंचवडला बनलेले असो की जपानमध्ये. ६२०५ चा आतील व्यास २५, बाहेरील ५२ आणि रुंदी १५. ०४ पासून पुढच्या क्रमांकांना हा पाचाचा नियम लागू पडतो. ६२०३ चे भोक मात्र १७ मिलिमीटरचे असते. तेव्हा ज्या बेअरिंगवर असा क्रमांक आहे, त्याच्यासाठी 'फियाटचे बेअरिंग' शोधत मुंबई गाठण्याची आवश्यकता नसते. रसमड्याच्या आसपासच्या एखाद्या कारखान्यातील विजेच्या मोटारीत तेच माप फिरत असेल. क्रमांकानंतरची अक्षरे मात्र वाचलीच पाहिजेत. बाजूला पत्र्याचे झाकण आहे की रबराचे, आणि आतील मोकळीक नेहमीची आहे की जास्त, हे ती अक्षरे सांगतात.

ऑइल सीलवरही बहुधा तीन आकडे असतात : दांड्याचा व्यास, घराचा व्यास आणि जाडी. येथेही माप जुळले म्हणजे संपले असे नाही. सीलचा ओठ कोणत्या दिशेला आहे आणि ते किती उष्णता सोसते, हेही पाहावे लागते.

याउलट काही मापे फसवी असतात. बोल्टचे आटे हे त्यांतील सर्वांत धोकादायक. पद्मिनी इटालियन कुळातील, म्हणून तिचे बोल्ट मिलिमीटरच्या मापाचे. उत्तरपाड्याची हिंदुस्थान अॅम्बॅसडर इंग्रजी मॉरिस ऑक्सफर्डच्या कुळातील, म्हणून तिचे बोल्ट इंचाच्या मापाचे. आता आठ मिलिमीटरचा बोल्ट आणि पाच-सोळांश इंचाचा बोल्ट हातात घेऊन पाहा. पाच-सोळांश इंच म्हणजे ७.९४ मिलिमीटर, फरक मिलिमीटरच्या सहा शतांशाचा, डोळ्यांना न दिसणारा. पण आठ मिलिमीटरच्या नेहमीच्या बोल्टच्या दोन आट्यांमधील अंतर १.२५ मिलिमीटर असते, तर पाच-सोळांश इंचाच्या बारीक आट्यांच्या बोल्टचे सुमारे १.०६. चुकीचा बोल्ट पहिले एक-दोन फेरे सहज फिरतो आणि मग अडतो. अशा वेळी पाना घेऊन जोर लावला, की अॅल्युमिनियमच्या भागातील आटे कापले जातात आणि दहा रुपयांच्या बोल्टपायी सबंध भाग वाया जातो. त्याहून वाईट म्हणजे, काही वेळा तो घट्ट बसल्याचा भास होतो आणि रस्त्यावर सुटतो. बोल्ट हाताने पूर्ण फिरला पाहिजे, पाना शेवटी, हा जुन्या मिस्त्र्यांचा दंडक याच कारणासाठी आहे.

स्पार्क प्लगच्या बाबतीतही असेच. बहुतेक मोटारींच्या प्लगच्या आट्यांचा व्यास १४ मिलिमीटर असल्याने कोणताही प्लग बसल्यासारखा वाटतो. परंतु आट्यांची लांबी वेगळी असू शकते. १२.७ मिलिमीटर लांबीच्या जागी १९ मिलिमीटरचा प्लग बसविला, तर तो सिलिंडरमध्ये पुढे येऊन पिस्टनवर आपटू शकतो.

पिस्टन आणि बेअरिंगच्या शेल यांना आणखी एक माप असते. सिलिंडर झिजल्यावर तो लेथशाळेत थोडा मोठा कापून घेतात आणि त्यात तितकाच मोठा पिस्टन घालतात. फियाटच्या पद्धतीत हे टप्पे ०.२, ०.४ आणि ०.६ मिलिमीटरचे आहेत. पिस्टन आणि सिलिंडर यांमधील मोकळीक मिलिमीटरच्या काही शतांशांची, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या आसपासची असते. म्हणून आधी सिलिंडर कापून मग पिस्टन शोधणे ही उलटी रीत होय. आधी चारही पिस्टन हातात यावेत, त्यांची मापे घ्यावीत आणि त्यांना जुळेल असे सिलिंडर कापावे.

पदार्थाची परीक्षा

माप दिसते, पदार्थ दिसत नाही. बाजारातील बहुतेक फसवणूक येथेच होते.

ब्रेकच्या रबराकडे पुन्हा वळू. ब्रेकमध्ये जो द्रव भरतात त्याला व्यवहारात 'ब्रेक ऑइल' म्हणतात. परंतु ते तेल नव्हे. तो ग्लायकॉल वर्गातील द्रव असतो आणि ब्रेकची रबरे त्याच्या सहवासात टिकतील अशाच मिश्रणाची बनविलेली असतात. खनिज तेल, पेट्रोल किंवा डिझेल यांचा स्पर्श झाल्यास ही रबरे फुगतात, मऊ होतात आणि अडकून बसतात. उलट, इंजिनाच्या तेलासाठी जे रबर योग्य, ते ब्रेकच्या द्रवात टिकेलच असे नाही. दोन्ही काळी, दोन्ही गुळगुळीत; बोटांना फरक कळत नाही. 'ऑइल' या एका शब्दाने अनेकांना फसविले आहे. ब्रेकचे भाग पेट्रोलने धुऊन त्यांना ग्रीस लावणारा हात कितीही अनुभवी असला, तरी तो त्या रबरांचे आयुष्य संपवीत असतो.

हा द्रव हवेतील ओलावाही शोषून घेतो. डॉट-३ प्रतीचा ताजा द्रव किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओलावा शोषल्यानंतर हीच मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकते. उतारावर ब्रेक तापले आणि द्रव उकळला, तर नळीत वाफ होते. वाफ दाबली जाते आणि पेडल जमिनीला टेकते. म्हणून उघड्या राहिलेल्या डब्यातील द्रव कितीही नामांकित कंपनीचा असला, तरी तो टाकूनच द्यावा.

पोलादाचेही तसेच आहे. पुढील चाकांना आधार देणारी किंगपिन पाहा. ती बाहेरून कठीण असली पाहिजे, नाहीतर झिजेल. आतून चिवट असली पाहिजे, नाहीतर खड्ड्याच्या धक्क्याने मोडेल. यासाठी विशिष्ट पोलाद घेऊन त्याच्या पृष्ठभागाला उष्णतेचे संस्कार द्यावे लागतात आणि मग ती घासून अचूक मापाची करतात. साध्या लोखंडी सळईची किंगपिन लेथवर तासाभरात तयार होते, चकाकते आणि बसतेही. काही हजार किलोमीटरनंतर ती खोल झिजलेली आढळते. बारीक कानशीच्या कोपऱ्याने न दिसणाऱ्या जागी हलकेच घासून पाहिले असता कानस घसरली तर पृष्ठभाग कठीण आहे, रुतली तर मऊ आहे, ही मिस्त्र्यांची परीक्षा साधी असली तरी उपयोगी आहे.

बाजारातील तीन प्रती

आता बाजाराकडे वळू. मुंबईत ऑपेरा हाऊसचा परिसर, दिल्लीत काश्मिरी गेट, कोलकात्यात मलिक बाजार आणि चेन्नईत पुदुपेट या मोटारींच्या सुट्या भागांच्या प्रसिद्ध पेठा आहेत. कुर्ल्याच्या भंगार बाजारात आणि चोर बाजारातील मटण स्ट्रीटवरही जुन्या गाड्यांचे अवशेष मिळतात. रसमड्यापासून नागपूर सुमारे अडीचशे किलोमीटर आणि मुंबई सुमारे अकराशे. इतक्या दुरून भाग मागविताना चूक महाग पडते. म्हणून मागणी लिहून, क्रमांक, माप आणि छायाचित्र यांसह पाठविणे श्रेयस्कर.

बाजारातील माल साधारणतः तीन प्रकारचा असतो. पहिला, मोटार कंपनीच्या किंवा तिच्या मूळ पुरवठादाराच्या नावाचा. दुसरा, स्वतंत्र उत्पादकाने स्वतःच्या नावाने विकलेला. हा उत्तम असू शकतो किंवा सामान्यही. पण तो बनविणारा आपले नाव लपवीत नाही. तिसरा, दुसऱ्याचे नाव चोरून विकलेला. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकाराला लोक एकाच दमात 'डुप्लिकेट' म्हणतात, हे योग्य नव्हे. दुसरा हा व्यवसाय आहे, तिसरा गुन्हा.

पाकिटबंद मालावर उत्पादकाचे नाव व पत्ता, उत्पादनाचा महिना व वर्ष आणि कमाल किरकोळ किंमत छापणे २०११ च्या वैधमापन नियमांनुसार आवश्यक आहे. हे तपशील नसलेले खोके संशयास्पद समजावे. अक्षरांचा ठसा अस्पष्ट, नावात एखादे अक्षर बदललेले, ओतीव भागाच्या कडा न घासलेल्या, एकाच खोक्यातील दोन भागांच्या वजनात फरक, या खुणाही बोलक्या असतात. पावती घ्यावी, आणि तिच्यावर भागाचा क्रमांक लिहून घ्यावा. बनावट मालाचा विक्रेता पावतीपाशी अडखळतो.

जुन्या, न वापरलेल्या साठ्याविषयी जाणकारांना मोठे आकर्षण असते, आणि धातूच्या भागांबाबत ते रास्त आहे. गंजापासून वाचलेला गिअर किंवा वाल्व्ह चाळीस वर्षांनंतरही नवाच असतो. रबराचे तसे नाही. ते कपाटातही म्हातारे होते. कडक होते, चिरते. टायरच्या बाजूवर कोरलेल्या शेवटच्या चार अंकांत तो बनल्याचा आठवडा आणि वर्ष असते. '१४२३' म्हणजे २०२३ सालचा चौदावा आठवडा. टायर घेताना आय.एस.आय. चिन्हाइतकेच हे चार अंकही पाहावेत. भंगारातून काढलेल्या भागांपैकी दरवाजाची मूठ, काचेची चौकट, दिव्याचे घर हे निर्धास्त घ्यावेत. ब्रेक आणि सुकाणू यांचे भाग मात्र घेऊ नयेत. त्यांनी किती धक्के खाल्ले आहेत, हे बाहेरून कळत नाही.

काय घडवावे, काय घडवू नये

जो भाग कोठेच मिळत नाही तो घडवून घेता येतो, आणि पोलादाच्या या मुलखात लेथ आणि त्यावर काम करणारे कुशल हात यांची वाण नाही. काशाचे बुश, अंतर राखणाऱ्या नळ्या, गॅसकेट, पत्र्याचे तुकडे, दांड्यांच्या जोडण्या हे सारे उत्तम प्रकारे येथे होऊ शकते. गंजलेल्या ब्रेक सिलिंडरमध्ये अचूक मापाची नवी नळी बसवून तो पुन्हा वापरात आणण्याचे कामही जाणकार कारागीर करतात. मर्यादा एकच. जो भाग तुटल्यास गाडीवरील ताबा जाईल, तो पोलादाची प्रत आणि उष्णतासंस्कार यांची खात्री असल्याखेरीज घडवू नये. सुकाणूचा बॉल जॉइंट जोडकाम करून वापरणे म्हणजे काटकसर नव्हे.

मूळचा तो नेहमीच योग्य काय?

शेवटी एक सूक्ष्म मुद्दा. गाडी तीच राहिली, तरी भोवतालचे जग बदलते, आणि क्वचित मूळ भागच अयोग्य ठरतो. १ फेब्रुवारी २००० पासून भारतभर शिसेविरहित पेट्रोल आले. त्यापूर्वीच्या पेट्रोलमधील शिसे वाल्व्ह आणि त्याची बैठक यांमध्ये एक संरक्षक थर देत असे. तो नाहीसा झाल्यावर जुन्या इंजिनांच्या मऊ बैठकी जड वापरात लवकर खचू शकतात. म्हणून दुरुस्तीच्या वेळी त्या जागी कठीण धातूच्या बैठकी बसविणे शहाणपणाचे. अलीकडे पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाते. जुन्या काळच्या काही रबरी नळ्या, पंपांचे पडदे आणि बुचाची गॅसकेटे त्याला टिकत नाहीत. तेथे इथेनॉल सोसणाऱ्या नव्या रबराचाच भाग हवा, मग पुस्तिकेतील मूळ भाग हाती असला तरी. जुन्या ब्रेक लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असे. त्याची धूळ फुप्फुसांना घातक असल्याने जुने ड्रम हवेच्या फवाऱ्याने कधीही साफ करू नयेत, आणि नवे लायनर अॅस्बेस्टॉसविरहितच घ्यावेत.

कायद्यानेही जुन्या गाडीकडे दोन नजरांनी पाहिले आहे. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि तपासणीनंतर पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. दुसरीकडे, २०२१ साली केलेल्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनांना वेगळी नोंदणी दिली. चौकट, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठे फेरफार केलेल्या गाड्यांना ती मिळत नाही. १९८० च्या पद्मिनीला २०३० नंतर हा मान मिळू शकेल, तो अर्थातच तोपर्यंत तिचे अंग तिचेच राहिले तर. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपल्याने ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. टॅक्सी होत्या तोवर त्यांच्या मागणीमुळे भाग बनत होते आणि ते बसविणारे हातही होते. ती मागणी ओसरल्यावर प्रत्येक उरलेल्या गाडीचा भार तिच्या मालकाच्या ज्ञानावर येऊन पडला आहे.

आता त्या तीन पाकिटांकडे परत येता येईल. प्लॅस्टिकच्या पिशवीतील रबरे कोणी आणि कशाची बनविली हे अज्ञात आहे. ती बाजूला ठेवावीत. तीस वर्षांचे अस्सल पाकीट मोह घालणारे आहे. परंतु रबराला अस्सलपणा वार्धक्यापासून वाचवीत नाही. ते कपाटात आठवण म्हणून राहू द्यावे. उरले नागपूरचे, उत्पादकाचे नाव आणि अलीकडची तारीख असलेले. तेही लगेच बसवावयाचे नाही. आधी सिलिंडर उघडावा, पुष्कळदा त्याच्या अंगावर व्यास कोरलेला असतो तो वाचावा, नसल्यास मोजावा, आणि नव्या रबराशी ताडून पाहावा. सिलिंडरच्या आत बोट फिरवावे. खड्डे किंवा रेघा लागल्या, तर नवी रबरेही लवकरच फाटतील, तेव्हा आधी सिलिंडरचा बंदोबस्त करावा. भाग ताज्या ब्रेक द्रवानेच धुवावेत, द्रव सारा बदलावा, नळ्यांतील हवा काढावी. मग गाडी उभी असताना पेडल जोराने दाबून मिनिटभर धरावे.

ते खाली सरकले नाही, तर एका वहीत तारीख, भागाचा क्रमांक, उत्पादकाचे नाव, माप आणि दुकानाचा पत्ता लिहून ठेवावा. पुढच्या वेळी हा शोध त्या पानापासून सुरू होईल.